बाबांचा व्हेंटिलेटर काढणं म्हणजे त्यांना मारणं का?

प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६१ वर्षांचे. १६ दिवसांपूर्वी पहाटे बाथरूममध्ये कोसळले, हृदय बंद पडलं होतं. रुग्णालयात ते पुन्हा सुरू होईपर्यंत वीसेक मिनिटं गेली. तेव्हापासून व्हेंटिलेटरवर आहेत. डोळे उघडतात, पण आमच्याकडे बघत नाहीत. डॉक्टर म्हणतात, "गळ्याला छिद्र पाडून नळी बसवू, नाहीतर घरी न्या, सही करा." भाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, काहीही करा पण सोडू नका. काका म्हणतात, मोकळं करा त्याला. व्हेंटिलेटर काढणं पाप आहे का? गुन्हा आहे का?

ताई, पाप आणि गुन्हा दोन्हींकडे येतो. आधी ती 'घरी न्या, सही करा' ही गोष्ट. मी २४ वर्षं अतिदक्षता विभागात काम करतोय, त्यातली बरीचशी मेंदूच्या रुग्णांमध्ये गेली. या सहीला आमच्याकडे 'डामा' म्हणतात. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेतोय, असं नातेवाइकांनी लिहून द्यायचं. गंमत अशी की सल्ला डॉक्टरांचाच असतो, सही तेवढी घरच्यांची. मग रात्री रुग्णवाहिका येते. एक ब्रदर अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत दाबत दोन जिने चढतो, पलंगावर ठेवतो आणि विचारतो, "काढू का?" कोणीतरी मान हलवतं. पुढची वीस मिनिटं किंवा वीस तास त्या माणसाची धाप, घशातली घरघर घरच्यांनी ऐकायची. मॉर्फिन नाही, घशातला स्राव ओढून घ्यायचं सक्शन नाही, डॉक्टर तर नाहीच.

सुरुवातीच्या वर्षांत अशा सह्या मीही घेतल्या. त्यातल्या एका घरी नंतर काही कामाने जाणं झालं. बाईंनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, सही माझी होती. म्हणजे मीच ना?" त्यानंतर मी तो कागद कुणापुढे ठेवलेला नाही. घरच्या उंबऱ्याच्या आत प्राण जावा अशी कित्येकांची खरोखरची इच्छा असते आणि औषधं, परिचारिका यांची नीट सोय करून ती पुरी करता येते. पण बिल वाढतंय, खाट हवी आहे म्हणून डामा करणं ही वेगळी गोष्ट. तुम्ही ती सही करू नका. निर्णय काहीही होवो, तो रुग्णालयात व्हावा आणि त्याखाली डॉक्टरांचीही सही असावी.

आता बाबांच्या मेंदूचं. 'ब्रेन डॅमेज' या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या अवस्था एकत्र कोंबलेल्या असतात. पहिली मेंदूमृत्यूची. त्यात मेंदूचा देठच, म्हणजे श्वास चालवणारा खालचा भागच, बंद पडलेला असतो. तपासणी मी शेकडो वेळा केली आहे, तरी दर वेळी हात जरा गार पडतो. बुबुळांवर प्रकाश टाकायचा, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला कापसाचं टोक लावायचं, कानात बर्फाचं पाणी सोडायचं, नळीतून सक्शन घालून खोकला येतो का बघायचं. शेवटी व्हेंटिलेटर सोडवायचा, ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि छाती-पोट उघडं ठेवून आठ-दहा मिनिटं नुसतं बघत राहायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो. देठात जीव असेल तर तो श्वास घ्यायला लावतोच. पोट हललं नाही तर नाही. भारतात १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार हे चार डॉक्टरांच्या मंडळाने, सहा तासांच्या अंतराने दोनदा करायचं असतं. त्यानंतर तो माणूस गेलेला असतो, यंत्र फक्त शरीरात हवा भरत असतं. (आपल्या कायद्यातली एक विचित्र फट इथे आहे. मेंदूमृत्यूची व्याख्या अवयवदानाच्या कायद्यात सापडते, जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात नाही. त्यामुळे घरच्यांनी दानाला नकार दिला की अनेक रुग्णालयं मेंदूमृत रुग्णाचाही व्हेंटिलेटर काढायला कचरतात. केरळ सरकारने २०२०मध्ये यावर आदेश काढला.)

बाबा आपणहून डोळे उघडतात, म्हणजे ते मेंदूमृत नाहीत. एवढं मी इथे बसूनही सांगू शकतो. म्हणूनच तुमचा प्रश्न अवघड आहे.

हृदय थांबतं तेव्हा सगळ्यात आधी मेंदूचा बाहेरचा थर होरपळतो. ओळख, भाषा, आठवण, वेदनेची जाणीव हे सगळं त्यात. खालचा देठ जास्त चिवट, तो तगतो. मग माणूस जागा होतो, पण भानावर येत नाही. डोळे उघडतो, जांभई देतो, दात खातो, डोळ्यांतून पाणी येतं, तळहातात बोट दिलं तर मूठ आवळतो. नातेवाईक धावत येतात, "सर, बाबांनी हात धरला!" मला दर वेळी सांगावं लागतं की तान्हं बाळही असंच बोट धरतं. हे सांगणं मला आजवर सोपं गेलेलं नाही.

तरी तुम्ही एक करून बघा. सिस्टरांना विचारून एक हातआरसा घेऊन जा. बाबा डोळे उघडे ठेवून असतील तेव्हा तो त्यांच्या चेहऱ्यासमोर फूटभरावर धरा आणि हळूहळू डावीकडे, मग उजवीकडे न्या. बोटामागे किंवा टॉर्चमागे न फिरणारी नजर स्वतःच्या चेहऱ्यामागे फिरू शकते. दिवसातून दोन-तीन वेळा, चार-पाच दिवस करा आणि वहीत लिहा. एकदा फिरली तर योगायोग असेल. पुन्हा पुन्हा फिरली तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा, कारण मग अवस्था वेगळी ठरते. त्या अवस्थेत माणूस क्षीण असतो, पण तिथे असतो.

आमच्याही नजरेतून हे निसटतं. २००९मधल्या एका अभ्यासात, उपचार करणाऱ्या चमूने एकमताने 'भान नाही' असा शिक्का मारलेल्या रुग्णांपैकी ४१ टक्के रुग्णांत पद्धतशीर तपासल्यावर भानाच्या खुणा सापडल्या. २०२४च्या ऑगस्टमध्ये आणखी एक मोठा अभ्यास आला. सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचे मेंदू स्कॅनमध्ये किंवा ईईजीत (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत) 'मूठ मिटतोय अशी कल्पना करा' अशा सूचनांना प्रतिसाद देत होते. म्हणजे चौघांतला एक. त्या रात्री मी माझ्या जुन्या रुग्णांचे चेहरे आठवत बसलो होतो.

माझी एक चूक सांगतो. बाविशीचा मुलगा, मोटारसायकलचा अपघात, मेंदूतले तंतू जागोजागी तुटलेले. दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्या वडिलांना म्हणालो, "आता फार काही उरलेलं नाही." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, रोज येत राहिले, व्हेंटिलेटर काढू दिला नाही. साडेतीन महिन्यांनी तो चाकाच्या खुर्चीतून ओपीडीत आला आणि माझ्यादेखत वडिलांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. आज तो एकटा राहू शकत नाही, वाक्य मध्येच सोडतो, पण घरच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. वडिलांनी माझं ऐकलं असतं तर माझं भाकीत बिनचूक ठरलं असतं आणि मी ते इतर नातेवाइकांना दाखला म्हणून सांगत बसलो असतो.

मात्र भावाला ही गोष्ट सांगाल तर पुढचंही सांगा. तो मुलगा बावीस वर्षांचा होता आणि इजा अपघाताची होती. अपघातात काही तंतू तुटतात, काही वाचतात, वर्षभर सुधारणा होत राहू शकते. प्राणवायू न मिळाल्याने होणारी इजा सगळीकडे पसरलेली असते. जुना ठोकताळा होता की अपघातानंतर १२ महिने आणि प्राणवायूअभावी झालेल्या इजेनंतर ३ महिने भान आलं नाही तर अवस्था कायमची धरायची. २०१८मध्ये अमेरिकेतल्या मेंदूतज्ज्ञांनी 'कायमची' हा शब्द बाजूला करून 'दीर्घकालीन' म्हणायचं ठरवलं, कारण त्यानंतरही थोडेजण भानावर आलेले दिसले. पण त्यांतले बहुतेक पूर्ण परावलंबी राहिले.

म्हणून डॉक्टरांना नुसतं "चान्स किती?" विचारू नका, उत्तर "सांगता येत नाही" असंच येईल. नेमकं विचारा. गुंगीची औषधं बंद करून किती दिवस झाले? बुबुळं प्रकाशाला आकसतात का? ईईजीत काय दिसतं? एमआरआय कितव्या दिवशी झाला आणि बाहेरच्या थराला इजा किती? मनगटाची नस उत्तेजित केल्यावर मेंदूपर्यंत संदेश पोचतो का, ती चाचणी झाली का? दोन्ही बाजूंना तो पोचत नसेल तर आशा फारच थोडी उरते. हृदय बंद पडल्यानंतर निदान ७२ तास अंदाज बांधू नये असा नियम आहे आणि बांधायचा तो तीन-चार चाचण्यांचा मेळ बसला तरच. १६ दिवस झालेत, म्हणजे हे सगळं एव्हाना व्हायला हवं होतं. झालं नसेल तर आधी ते होऊ दे. घाई करणाऱ्याला, मग तो डॉक्टर असो की काका, एवढं एकच उत्तर पुरे.

आता गळ्याच्या नळीबद्दल. ट्रॅकिओस्टॉमी केली म्हणजे आयुष्यभराचा करार झाला, असं लोकांना वाटतं. तसं नाही. तोंडातली नळी दोन-तीन आठवड्यांपलीकडे ठेवली तर स्वरयंत्राला जखमा होतात, म्हणून ती गळ्यातून घालायची, एवढंच. मी अशा वेळी मुदत ठरवतो. चला, सहा आठवडे सर्व काही करू. अमुक तारखेला आरसा, सूचना पाळणं, ईईजी पुन्हा बघू. तोवर काही दिसलं नाही तर काय करायचं ते आजच बोलून ठेवू. एकदा लावलेलं यंत्र काढणं हे मुळात न लावण्यापेक्षा मोठं पाप, असं मनाला वाटतं खरं. मलाही काढताना जास्त जड जातं. पण विचार करून बघा. काढता येणारच नाही असं ठरलं, तर डॉक्टर लावायलाच घाबरतील आणि ज्यांना संधी मिळायला हवी त्यांना ती मिळणार नाही. जे सुरू करणं योग्य होतं, ते निरुपयोगी ठरल्यावर थांबवणंही योग्यच.

गुन्ह्याचं उत्तर सरळ आहे. इंजेक्शन देऊन जीव घेणं भारतात गुन्हा आहे, तिथे चर्चा नाही. निष्फळ ठरलेले उपचार रीतसर थांबवणं गुन्हा नाही. इथवर पोचायला ज्या खटल्याने सुरुवात झाली, तो मुंबईतल्या केईएमचा. अरुणा शानबाग तिथेच परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ला रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला, अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या. त्यानंतर १८ मे २०१५ला न्यूमोनियाने जाईपर्यंत त्या तिथेच होत्या, ४ नंबर वॉर्डच्या खोलीत. इतक्या वर्षांत परिचारिकांनी त्यांच्या अंगाला बेडसोर होऊ दिले नाहीत. हे वाक्य सोपं वाटतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, चादरीची एक सुरकुती राहू द्यायची नाही आणि हे चार दशकं, तीन पाळ्यांत! माझ्या मते भारतातल्या नर्सिंगचा याहून मोठा पराक्रम नसेल.

पण अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हत्या. श्वास त्यांचा होता. पिंकी विरानी यांच्या याचिकेतली मागणी अन्न थांबवण्याची होती आणि ज्या हातांनी त्यांना भरवलं त्या हातांना ते मान्य नव्हतं. ७ मार्च २०११ला सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट उघडली. ९ मार्च २०१८ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काच्या अनुच्छेद २१मध्येच धरला आणि आगाऊ इच्छापत्राला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. पण त्यासाठी वीस वर्षं अनुभवाचे डॉक्टर, दंडाधिकाऱ्यांनी खाटेपाशी येणं, अशी प्रक्रिया होती की मी तरी ती पुरी होताना पाहिली नाही. २४ जानेवारी २०२३ला न्यायालयाने ती सोपी केली.

आज तुमच्या बाबतीत होईल ते असं. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे निदान दोन तज्ज्ञ, यांचं प्राथमिक मंडळ रुग्णालय नेमतं. ते शक्यतो ४८ तासांत मत देतं, तुमच्याशी बोलतं, तुमची लेखी संमती घेतं. मग दुय्यम मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. त्यांनाही ४८ तास. दोन्हींचं एकमत झालं की अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. कळवायचं, परवानगी मागायची नाही. मतभेद झाला तर उच्च न्यायालय आहे. बाबांनी इच्छापत्र केलेलं नसलं तरी हीच वाट. रुग्णालय "आमच्याकडे असलं काही नाही" म्हणेल, बरीच म्हणतात. तेव्हा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लेखी अर्जाला आपल्याकडे अजून वजन आहे.

आता भाऊ. दर महिन्याला आमच्या कॉन्फरन्स खोलीत एक लॅपटॉप उघडतो आणि पलीकडे एक मुलगा किंवा मुलगी असते, डॅलसची, सिडनीची, न्यू जर्सीची. ती बहुधा सगळ्यात आक्रमक बोलते. मी आता चिडत नाही. जो रोज डायपर बदलताना बघत नाही, त्याच्या डोळ्यांपुढे अजून विमानतळावर सोडायला आलेले वडील असतात. त्याला म्हणा, ये. दोन दिवस खाटेपाशी बस. मग बोलू. योगायोग असा की पाश्चात्त्य जगात या विषयावरचा पहिला मोठा निकाल त्याच्याच राज्यातला. कॅरन क्विनलन या तरुणीचा व्हेंटिलेटर काढायला न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये तिच्या वडिलांना परवानगी दिली. काढला, आणि ती स्वतः श्वास घेऊ लागली. नळीच्या आहारावर १९८५पर्यंत जगली. हे तुम्हा दोघांना माहीत असायला हवं, कारण बाबांचा देठ शाबूत दिसतोय. व्हेंटिलेटर काढला की लगेच सगळं संपेल, असं कुणी गृहीत धरू नका.

तसं झालं, ते स्वतः श्वास घेत राहिले, तर पुढचा प्रश्न नाकातल्या नळीचा. इथे माझा हात थबकतो. ती नळीही वैद्यकीय उपचारच आहे, इंग्लंडच्या न्यायालयाने १९९३मध्ये टोनी ब्लँड या भान हरपलेल्या तरुणाच्या खटल्यात तसं म्हटलंही. तर्क मला पटतो. पण आपल्या घरात 'जेवलास का?' हीच माया दाखवायची रीत. नळी थांबवा असं मी स्वतःहून कधी सुचवलेलं नाही. घरच्यांनी नीट विचार करून मागितलं आणि दोन्ही मंडळांनी मान्य केलं, तर आड आलेलो नाही. बहुतेक वेळा आम्ही एवढंच ठरवतो की न्यूमोनिया झाला तर पुन्हा व्हेंटिलेटर लावायचा नाही, छाती दाबायची नाही.

राहिलं पाप. लोक मला विनोबांचं उदाहरण देतात. १९८२च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला त्यांनी अन्न-औषध सोडलं आणि देह ठेवला. जैनांमध्ये सल्लेखना आहे. पण ते निर्णय त्यांनी पूर्ण शुद्धीत, स्वतःसाठी घेतले. बाबांसाठी तो तुम्हाला घ्यावा लागणार, फरक तिथे आहे. म्हणून मी नातेवाइकांना "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारणंच बंद केलं. मी विचारतो, "आजी अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा बाबा काय म्हणाले होते?" कुणी ना कुणी आजी, शेजारी, मित्र असतोच. मग आठवतं. "असं खितपत नको रे बाबा", "चालता-बोलता जावं", "माझ्या नाकात नळ्या घालू नका". एका मुलाने उलटंही सांगितलं, वडील म्हणायचे, मला शेवटच्या श्वासापर्यंत लढवा. मग आम्ही लढवलं. काका 'मोकळं करा' म्हणतात ते भावाच्या प्रेमाने असेल किंवा त्यांना बघवत नसेल म्हणून असेल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांनाच शांतपणे विचारायला हरकत नाही.

पैशाचंही बोला. शेत विकून महिनाभर आयसीयू चालवणं हे प्रेम, आणि परवडत नाही म्हणणं हे पाप, असं नाही. फक्त पैसा हे कारण असेल तर त्याला 'वैद्यकीय निर्णय' असं नाव देऊ नका, आम्हालाही देऊ देऊ नका. सार्वजनिक रुग्णालयात हलवता येतं का, योजनेत बसतं का, हे समाजसेवा अधीक्षकांना विचारा.

काढायचं ठरलंच, तर ते कसं होतं तेही सांगतो. आधी मॉर्फिन किंवा फेंटॅनिल सुरू करतो, घशातला स्राव कमी करणारं औषध देतो. मॉनिटर खाटेपाशी बंद करतो, नाहीतर सगळे माणसाऐवजी आकड्यांकडे बघत राहतात. पडदे ओढतो. हवे तेवढे लोक आत येतात, त्या दिवशी चपला बाहेर काढण्यावरून कुणी ओरडत नाही. तुळशीचं पान, गंगेचा एखादा थेंब ओठांवर चालतो, घशात पाणी ओतू नका. नळी मी स्वतः काढतो, ज्युनिअरला सांगत नाही. धाप दिसली की मात्रा वाढवतो. धाप कमी व्हावी एवढाच त्या औषधाचा हेतू असतो आणि दर वेळी किती दिलं, का दिलं ते फाइलवर लिहितो. मग खुर्ची ओढून बसतो. कधी अर्धा तास, कधी तीन दिवस. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं जातं ते हृदय बंद पडून मेंदूला झालेली इजा. खरं कारण तेच असतं.

उद्या सकाळी राउंडच्या आधी फाइलची झेरॉक्स आणि एमआरआयची सीडी मागा. लेखी मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ती घेऊन त्या रुग्णालयाबाहेरच्या एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा. आणि आरसा विसरू नका. साधा, घरातलाच चालेल.